दादाच्या मखरातली लाल कमान

जपानहून परत येऊन आता दोन महिने होतील. भेटेल तो आधी बुलेट ट्रेनबद्दल विचारतो आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणतो, "तिकडे खाण्याचे हाल झाले असतील ना?" गाडी झकास होती आणि हाल अजिबात झाले नाहीत, हे एकदाचं सांगून टाकते. मी तिकडे गेले होते देवळं बघायला, आणि माझ्या हातात गाईड नव्हता, माझ्या भावाची दोनशे पानी वही होती.

त्या वहीची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

आमचे वडील मालवणकडून मुंबईला येऊन गिरणीच्या सुतारखात्यात लागले. माझा थोरला भाऊ अनंत, आमचा दादा, त्यांच्याकडे बघून रंधा धरायला शिकला आणि भांडुपला एका फर्निचरच्या कारखान्यात कपाटं न् शोकेस करू लागला. वर्षभर तो लोकांच्या भिंती मोजायचा. गणपतीच्या आधीचे दोन महिने मात्र त्याचे स्वतःचे. संध्याकाळी कारखान्यातून आला की चहा घेऊन घरच्या गणपतीच्या मखराला बसायचा. थर्माकोलला त्याने कधी हात लावला नाही. सागाचे उरलेसुरले तुकडे, खाचा आणि खाचेत घट्ट बसवायचं कुसू. खिळा म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा. एका वर्षी गावच्या देवळाची दीपमाळ केली, एका वर्षी कौलारू सभामंडप. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या दोन खोल्यांत मखर बघायला मुलुंडवरून माणसं यायची.

मग एका वर्षी त्याला कुणीतरी जपानी कॅलेंडर दिलं. एका पानावर पाण्यात उभी असलेली लाल कमान होती, दुसऱ्या पानावर पाच छपरांचा लाकडी मनोरा. दादाने दोन्ही एकत्र केली. मागे मनोरा, त्याच्या पोटात गणपती आणि पुढ्यात कंबरेएवढी लाल कमान. दोन उभे खांब, वर एक लांब आडवी तुळई, तिची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली, खाली दुसरी आखूड तुळई. बघणारा दारातच थांबायचा.

मी तेव्हा आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाइतकं शहाणं जगात कुणी नसतं. तिसऱ्या दिवशी घरगुती सजावटीच्या स्पर्धेचे दोन परीक्षक आले, वाकून वाकून बघू लागले. एकाने विचारलं, "हे कुठलं देऊळ?"

"जपानचां," दादा म्हणाला.

आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "जपानचं आहे, पण चुकलंय. ती कमान शिंतो देवस्थानाची असते आणि मनोरा बौद्ध मंदिराचा. दोन वेगळे धर्म आहेत. आपल्याकडे चर्चवर कळस बसवल्यासारखं झालंय हे."

दादाने माझ्याकडे बघितलं. "असां काय गो? मग देवळाक दार नको?"

सगळे हसले. परीक्षक हसले, शेजारचे हसले, मी तर सगळ्यात जोरात. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं. पहिला नंबर एका थर्माकोलच्या कैलासाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला उभी राहिले तर मखरापुढे कमान नव्हती. दादाने ती बुडातून करवतीने कापून काढली होती. मला तो एका शब्दाने बोलला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी. पुढल्या वर्षीपासून मात्र आमच्या गणपतीमागे नुसता पडदा असायचा. कापलेली कमान मोरीबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली होती. वहिनीने एक दिवस तिच्यावर ओला टॉवेल टाकला, मग दादानेच तिला खाली दोन पाय लावून दिले आणि ती आमच्या घरची टॉवेलची स्टँड झाली. वरच्या तुळईवर टॉवेल, खालच्या तुळईवर नॅपकिन. मनोरा माळ्यावर होता, त्याला वाळवी लागली. चाळ पाडून टॉवर झाला, दादा-वहिनी सातव्या मजल्यावर गेले, आणि स्टँडही त्यांच्याबरोबर लिफ्टमधून वर गेली. चाळीसेक वर्षं मी भांडुपला गेले की हात धुऊन त्याच कमानीवरच्या नॅपकिनला पुसत आले.

दादा दीड वर्षापूर्वी गेला. वहिनीने त्याच्या कपाटातली वही माझ्या हातात ठेवली. जपान त्याच्या मनातून गेलंच नव्हतं! वर्तमानपत्रांतली कात्रणं, कॅलेंडरांचे तुकडे, आणि पानोपानी त्याची पेन्सिलची चित्रं: हे कसं ओळखायचं, ते कसं ओळखायचं, कुठलं शिंतोचं, कुठलं बुद्धाचं. शेवटच्या पानावर आमचं ते मखर होतं, जसंच्या तसं, मोजमापांसकट. कमानीवर लाल पेन्सिलची मोठी फुली आणि खाली दादाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: "चूक. नलू बरोबर."

नलू म्हणजे मी. मी बरोबर होते, तेच तर मला डाचत होतं. चुकले असते तर माफी मागून मोकळी झाले असते. बरोबर असून मी त्याची हौस मारली होती, आणि आता माफी मागायला माणूसच राहिलं नव्हतं. निदान त्याने कागदावर बघितलेलं माझ्या डोळ्यांनी बघून यावं, एवढं मनात धरून मी निघाले. दादाची मुलगी मुग्धा ओसाकाला नोकरी करते. मखराच्या त्या प्रकारानंतर कितीतरी वर्षांनी ती जन्मली, त्यामुळे तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "आत्या, नोव्हेंबरमध्ये ये. आणि चालायची प्रॅक्टिस कर, इथे रिक्षा नाही मिळत."

नारा

दादाच्या वहीत शिंतो आणि बौद्ध हे शब्द क्वचितच येतात. तो शिंतोच्या जागेला "राखणदाराचं" म्हणतो. आमच्या मालवणात राखणदार म्हणजे त्या जागेचा देव. त्या टेकडीचा, त्या झऱ्याचा, त्या वडाचा. त्याला भिंती नसल्या तरी चालतं, मूर्ती नसली तरी चालतं, पण मान द्यावा लागतो. हे दादाने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, त्याचं त्यानेच ताडलेलं. जपानात आठ दिवस हिंडल्यावर मी सांगते, याहून सोपं करून मला कुणीही सांगितलं नसतं.

पहिल्या सकाळी मुग्धा मला नाऱ्याच्या मोठ्या बुद्धाकडे घेऊन गेली. वाटेवर हरणं मोकळी फिरत होती, आणि ती हरणं म्हणजे अगदी जुहूच्या चौपाटीवरच्या भेळवाल्यांइतकी अंगावर येतात. एकाने माझ्या झोळीत तोंड घातलं आणि वहीचा कोपरा चावला. मी चारचौघांत मालवणीत ओरडले. हरीण घाबरलं नाही, मुग्धा घाबरली.

मग तो दरवाजा आला. वहीत लिहिलेलं होतं: "बुद्धाच्या दाराला छप्पर असतं, बऱ्याचदा दोन मजली. दोन बाजूंना दोन पैलवान." खरोखर दोन पैलवान होते, आमच्या चाळीच्या दुप्पट उंच, डोळे वटारलेले, लाकडाच्या शिरा तट्ट फुगलेल्या. दादाला हे बघायला मिळालं असतं तर त्याने पैलवानांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नसतं, दंडाचा सांधा कुठे जोडलाय ते शोधत बसला असता. म्हणून मीही सांधा शोधला. सापडला नाही.

दाराच्या आत पाण्याची दगडी कुंडी होती आणि तिच्यावर बांबूच्या पळ्या. पळी बघितल्यावर माझा हात आपोआप पुढे झाला. उजव्या तळव्यावर पाणी घेतलं, डोळे मिटून घोटभर प्यायले आणि ओला हात डोक्यावरून मागे फिरवला. डोळे उघडले तर समोरची बाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"आत्या, ते तीर्थ नाहीये!" मुग्धाने माझा दंडच धरला. "हात धुवायचे, चूळ भरायची, बाजूला टाकायची. गिळायचं नसतं ना!"

"पण पळी ठेवलीये ना?"

"ठेवलीये म्हणून प्यायचं काय? यार आत्या, पोट बिघडलं तर माझी वाट लागेल."

पोट बिघडलं नाही. मालवणच्या विहिरीवर वाढलेलं पोट आहे. पण पुढच्या आठ दिवसांत प्रत्येक कुंडीपाशी माझा हात डोक्याकडे जायचा आणि मी तो अर्ध्यातून खाली आणायची.

आत त्या प्रचंड बुद्धापुढे मी दुसरी चूक केली. राखणदारापुढे दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं, हे विमानात पाठ केलं होतं. ते मी इथे केलं. टाळ्या त्या एवढ्या मोठ्या लाकडी सभागृहात अशा घुमल्या की एक म्हातारे गृहस्थ वळून बघू लागले. बुद्धापुढे टाळी नसते, नुसते हात जोडायचे. वहीत होतं तसं, दादाने दोन रेघा मारून लिहिलं होतं. मीच वाचलं नव्हतं. आरतीला टाळ्या वाजवत मोठं झालेलं माणूस देवापुढे गप्प उभं राहायला शिकेपर्यंत जरा वेळ लागतो.

दुपारी बाकावर बसून जेवलो. मुग्धाने आणलेल्या डब्यात पानात गुंडाळलेल्या चौकोनी वड्या होत्या. पान सोडलं तर आत भात आणि भातावर चक्क बांगडा! मिठात आणि शिरक्यात मुरवलेला, शिजवलेला नाही. पानाचा वास भाताला लागलेला, आमच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांना लागतो तसा. मी सहा खाल्ल्या. तिरफळ नव्हतं एवढीच काय ती उणीव. आई असती तर म्हणाली असती, बांगडा कच्चा ठेवलाय, आणि सातवी मागितली असती.

नंतर रानातल्या वाटेने वर गेलो. दोन्ही अंगांना शेवाळ धरलेले दगडी दिवे रांगेने उभे, वर जुनी झाडं, आणि मग एकदम समोर कमान. दार नाही, कडी नाही, छप्पर नाही. दोन खांब आणि दोन तुळया. तिला तिकडे तोरी म्हणतात. मी थांबले. मुग्धाने विचारलं, "काय झालं?"

"टॉवेलची स्टँड," मी म्हणाले.

तिने कमानीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसत सुटली. ती त्याच स्टँडवरच्या टॉवेलने अंग पुसत मोठी झाली होती. पाच वर्षं या देशात राहून तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मीही हसले.

तिथल्या एका लहानशा देवस्थानापाशी दादाची दुसरी खूण मिळाली. बुद्धाचं छप्पर कौलांचं, जड, चांगलं खालपर्यंत उतरलेलं. राखणदाराचं छप्पर झाडाच्या सालीचं, जाड शाकारलेलं, आणि दोन्ही टोकांना वासे एकमेकांना छेद देऊन वर आकाशात गेलेले. गावच्या मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, असेच वासे वर सुटलेले असायचे, आणि बाबा म्हणायचे की कापायचा कंटाळा केलेला आहे. दादाने चित्राखाली लिहिलंय: "वासे कापले नाहीत. कंटाळा नाही, मुद्दाम."

क्योटो

क्योटोत एका डोंगरावर लाल कमानींची रांगच्या रांग आहे. इतक्या एकाला एक लागून की आत शिरल्यावर ऊन लाल होऊन अंगावर येतं. हजारो स्टँडी, असं मुग्धा म्हणाली आणि तिने प्रत्येकीवर टॉवेल टाकल्यासारखा हात केला. दगडी कोल्हे तोंडात किल्ल्या धरून बसलेले होते. मी खांबांना हात लावून बघत होते. काही खांब बुडाशी कुजलेले होते आणि एका ठिकाणी दोन माणसं जुना खांब काढून नवा बसवत होती. दादा इथे आला असता तर देवदर्शन राहिलं असतं बाजूला, तो त्यांच्याजवळ बैठक मारून बसला असता.

दोन दिवसांत मी इतकी तयार झाले की मुग्धा लांबून बोट दाखवायची आणि मी उत्तर द्यायची. मोठी घंटा आणि तिला ठोकायला दोरांनी टांगलेला ओंडका? बुद्धाचं. जाड दोर, त्यावर कागदाच्या नागमोडी पट्ट्या? राखणदाराचं. आवारात थडगी? बुद्धाचंच, कारण राखणदाराला विटाळ चालत नाही, आपल्यासारखंच सुतक पाळतात. गाभाऱ्यात मूर्ती नाही, आरसा? राखणदाराचं. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण असा विद्यार्थी मला कधी मिळाला नाही, असं मी स्वतःलाच म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. पूर्वेच्या टेकड्यांखालचं एक शांत बुद्धमंदिर होतं. कौलांचं छप्पर, मोठी घंटा, मागे थडगी, सगळं वहीबरहुकूम. आणि मागच्या कोपऱ्यात, पिवळ्या पानांच्या झाडाखाली, छोटीशी लाल कमान. तिच्यामागे हातभर देवळी. मी वही उघडली. दादाने एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: "एकाच आवारात दोन्ही?" आणि पुढे प्रश्नचिन्ह, तेही दोनदा गिरवलेलं.

पानं झाडणारे एक माळीबाबा होते. मुग्धाने त्यांना विचारलं. त्यांनी खराटा काखेत धरला, देवळीकडे मान लववली आणि काहीतरी सांगितलं. मुग्धा म्हणाली, "ते म्हणतात, हा जागेचा मालक आहे. बुद्ध नंतर आले."

मला एकदम आमचा टॉवर आठवला. चाळ पाडली तेव्हा बिल्डरने सगळं सपाट केलं, पण कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या वेताळाच्या दगडाला हात लावला नाही. उलट त्यावर टाइल्स बसवून दिल्या. लिफ्टमधून उतरणारी माणसं पार्किंगकडे जाता जाता त्याला हात जोडतात. कुणी विचारत नाही, टॉवरमध्ये हा कसा.

मी वही मिटली, पण मला बरं वाटेना. चर्चवर कळस, असं मी चारचौघांत म्हणाले होते. ते वाक्य पहिल्यांदाच मला जरा किडकं वाटलं. मग मी स्वतःची समजूत घातली: ही कोपऱ्यातली देवळी. दादाने तर कमान अगदी समोर लावली होती, देवळाचं दार म्हणून. ते चूक ते चूकच.

त्या संध्याकाळी मुग्धाने तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे खायला आणले, आत गोड डाळीचं सारण. उकडीच्या मोदकाची धाकटी बहीणच. नाक काढायचं मात्र त्यांना सुचलेलं नाही. पारी माझ्याहून पातळ होती हे मी इथे लिहून ठेवते, वहिनीला सांगू नका.

ओसाका

शेवटच्या दिवशी मुग्धा म्हणाली, "लांब नको जाऊया. माझ्या घराजवळच एक जुनं देऊळ आहे, शितेन्नोजी. मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाते. दहा मिनिटं चालायचं."

शहराचा रस्ता होता. सायकली, औषधांची दुकानं, शाळेतल्या पोरींचा घोळका. भांडुपच्या स्टेशन रोडवरून हॉर्न काढून घेतले तर दिसेल तसा. रस्ता वळला आणि समोर कमान आली. लाल नव्हती, दगडी होती. करडी, काळवंडलेली, खांब दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे. लांब तुळई, वर उचललेली टोकं, खाली आखूड तुळई.

"राखणदाराचं," मी बोट न दाखवताच म्हणाले आणि टाळीसाठी पर्स काखेत मारली.

"आत्या, नीट बघ ना."

मी कमानीतून पलीकडे बघितलं. सरळ वाट, तिच्या टोकाला कौलांचं मोठं दार. आणि त्या दारामागे, जरा उजवीकडे सरकलेला, मनोरा. मी छपरं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग परत मोजली.

समोर कमान आणि मागे पाच छपरांचा मनोरा.

"हे बुद्धाचं आहे," मुग्धा सांगत होती, "देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. कमान आधी लाकडाची होती म्हणे, मग दगडाची केली, त्यालाही कित्येक शतकं झाली. आत्या? काय होतंय तुला?"

मी कमानीच्या खांबाला हात लावून उभी होते. एक म्हातारी बाई पिशवीची ढकलगाडी घेऊन आली. तिने कमानीपुढे थांबून वाकून नमस्कार केला आणि आत जायला निघाली. मी मुग्धाला म्हणाले, "त्यांना विचार, ही कमान इथे कशी? ही चूक नाही का?"

मुग्धाने विचारलं. म्हातारीला प्रश्न दोनदा विचारावा लागला. मग ती हसली, सावकाश बोलली, आणि बोलताना खांबावर थोपटत होती, घरच्या म्हशीला थोपटावं तसं. मुग्धाने सांगितलं, "त्या म्हणतात, पूर्वी देव आणि बुद्ध सगळे एकत्रच राहायचे. मग सरकारने सांगितलं, वेगळे व्हा. बऱ्याच ठिकाणी झाले. ही कमान राहिली. त्या म्हणतात, देवळाला दार नको का?"

देवळाक दार नको?

मी तिथेच खांबाच्या चौथऱ्यावर बसले आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन. म्हातारीने घाबरून आपला रुमाल पुढे केला. मुग्धाला मग मी सगळं सांगितलं, मखर, परीक्षक, चर्चवरचा कळस, करवत. तिला टॉवेलच्या स्टँडचा जन्म पहिल्यांदाच कळत होता. ती माझ्याजवळ बसली, फोन काढला आणि बराच वेळ अंगठ्याने वर वर सरकवत राहिली. मग तिने फोन माझ्यापुढे धरला.

"मी इथे आले ना, त्या पहिल्याच आठवड्यात बाबांना हा फोटो पाठवलेला. ऑफिसला जाताना काढलेला."

फोटोत हीच कमान होती आणि मागे हाच मनोरा. खाली दादाचं उत्तर होतं. एक अंगठा. बाकी काही नाही. पाच वर्षांपूर्वीचं.

म्हणजे त्याला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वीपासून माहीत होतं. त्यानंतर साडेतीन वर्षं तो होता. दर रविवारी मी भांडुपला जायची, आम्ही दोघं मासे खायचो, आणि मी त्या स्टँडवरच्या नॅपकिनला हात पुसायची. आणि वहीच्या शेवटच्या पानावर "नलू बरोबर" तसंच होतं, खोडलेलं नव्हतं.

आम्ही आत गेलो. वाटेतल्या दाराच्या खांबावर हाताने फिरवायचं चाक होतं, ते म्हातारीने मला फिरवायला लावलं. मनोऱ्यापाशी पोचून मी भिंतीवर हात ठेवला. तो लाकडी नव्हता, सिमेंटचा होता! जुना कधीच गेला, हा नंतर बांधलेला. दादाने नाक मुरडलं असतं. डोळे पुसता पुसता मला हसू फुटलं. सागाच्या तुकड्यांचा, एकही खिळा नसलेला आमचा मनोरा यापेक्षा कितीतरी खरा होता. मग मी बुद्धापुढे हात जोडले. टाळी वाजवली नाही.

भांडुप

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनीकडे गेले. तिने दारातच विचारलं, "इलंस? जेवलंस?" आणि उत्तराची वाट न बघता कुकर लावला. मी तिला मुग्धाने दिलेल्या भेटी दिल्या, फोटो दाखवले. दगडी कमानीचा फोटो आला तशी मी थांबले. कसं सांगावं ते मला कळेना.

वहिनीने फोन हातात घेतला, लांब धरून बघितला. म्हणाली, "ह्यो माका म्हायत हा."

"तुला?"

"मुग्धान तेंका धाडलेलो. तेंनी माका दाखवलेलो, हयच बसान. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले." तिने फोन खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. "मी म्हटलंय, नलूक दाखवा. तर म्हणाले, नको. इतक्या वर्सांनी तिका वायट वाटात."

कुकरची शिटी झाली. वहिनी गॅस बंद करायला उठली.

मी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि पेन हातात घेऊन बसले. त्याखाली काहीतरी लिहायचं ठरवून आले होते, सबंध विमानभर वाक्यं जुळवली होती. लिहवेना. "नलू बरोबर" हे त्याने माझ्यासाठी तसंच ठेवलेलं होतं, ते मी कोण खोडणार?

मी उठले आणि मोरीपाशी गेले. स्टँडवर दोन टॉवेल होते, एक नॅपकिन आणि वहिनीचा परकर. एकेक करून काढले. खालचा रंग लाल होता, ओलाव्याने जागोजागी गेलेला, पण वरच्या तुळईची टोकं तशीच उचललेली. नंतर लावलेले दोन पाय मी ओढून काढले. ते सहज निघाले. दादाने तेही खिळ्याने ठोकले नव्हते, नुसते खाचेत बसवले होते, कधीही काढता येतील असे.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मग टॉवेल खय सुकत घालूचे?"

"बाल्कनीत," मी म्हणाले, आणि दादाची कमान उचलून देव्हाऱ्यासमोर नेऊन, त्याला टेकवून उभी केली.